डर्बनच्या खालचा किनारा: भरती-ओहोटी बघत, गावागावाने कसा फिरायचा

दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपल्याकडची टूर पॅकेजेस केपटाऊन, क्रूगर आणि जोहान्सबर्ग एवढंच दाखवतात, आणि डर्बन आलंच तर एक रात्र. पण डर्बनच्या दक्षिणेला पोर्ट एडवर्डपर्यंत जो साधारण १६०-१७० किमीचा किनारा आहे, क्वाझुलू-नाताल प्रांताचा साऊथ कोस्ट, तो समुद्र आवडणाऱ्या माणसाने निवांत आठवडाभर फिरावा असा आहे. एका मागोमाग एक छोटी सुट्टीची गावं, प्रत्येकाला आपापला बीच, मध्ये नद्यांची मुखं, मागे ऊस, केळी आणि मॅकाडेमिया या सुक्या मेव्याच्या बागा. माझं ठाम मत आहे की डर्बनला राहून डे ट्रिप करून हा किनारा कळत नाही, कारण इथे सगळं ओहोटीच्या वेळेवर आणि सकाळच्या वाऱ्यावर चालतं आणि त्या वेळेला तुम्ही बीचपासून पाच मिनिटांवर असायला लागता. म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने, आधी महिना, मग कागदपत्रं, मग मुक्काम, मग पाणी आणि मग गावं.

महिना आधी ठरवा, तिकीट नंतर

तिकडे ऋतू उलटे. आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा हिवाळा, आणि पाऊस पडतो नोव्हेंबर ते मार्च, दमट उकाड्यासकट. डिसेंबरचा मध्य ते जानेवारीची सुरुवात आणि ईस्टर, या दोन वेळा टाळाच, कारण जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडची कुटुंबंच्या कुटुंबं गाड्या भरून खाली येतात, भाडी वर जातात आणि मार्गेटला गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात सोयीचा महिना म्हणजे मे. मुलांच्या शाळांना सुट्टी असते, तिथे पाऊस ओसरलेला असतो, दिवसा ऊन छान पण भाजणारं नाही, आणि समुद्र अजून ऊबदार असतो. किनाऱ्याजवळून उत्तरेकडून खाली वाहणारा अगुल्हास हा उष्ण प्रवाह आहे, त्याच्यामुळे इथलं पाणी हिवाळ्यातही साधारण २० अंशाच्या आसपास राहतं, उन्हाळ्यात २५ च्या आसपास. केपटाऊनला अटलांटिकच्या बाजूला पाय बुडवून बघितलेल्या माणसाला हा फरक वेगळा सांगायला नको.

जून-जुलै निवडलात तर एक वेगळीच गोष्ट बघायला मिळू शकते, ती म्हणजे तारल्यांचा लोंढा, ज्याला तिकडे सार्डिन रन म्हणतात. दक्षिणेकडच्या थंड पाण्यातून करोडो तारल्या किनाऱ्यालगतच्या गार पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यातून वर सरकतात, त्यांच्या मागे डॉल्फिन, शार्क, वरून गॅनेट पक्षी सूर मारतात, आणि किनाऱ्यावर मच्छीमार रापण लावल्यासारखी जाळी ओढतात तेव्हा गावातली माणसं बादल्या घेऊन धावत येतात. पण हे निसर्गाचं काम आहे, तारीख कोणी सांगू शकत नाही, काही वर्षी लोंढा इतका खोल पाण्यातून जातो की किनाऱ्यावर काहीच दिसत नाही. त्यामुळे फक्त त्यासाठी ट्रिप ठरवू नका. त्याच काळात हंपबॅक व्हेल वर सरकत असतात, जून ते नोव्हेंबर त्या दिसतात, अगदी बाल्कनीतून चहा पिताना सुद्धा पाण्याचा फवारा दिसतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर थोडा पाऊस गृहीत धरा, पण व्हेल परतीच्या वाटेवर पिल्लांसकट असतात हा फायदा.

कागदपत्रं, गाडी आणि प्लग

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो, आणि तो वेळखाऊ आहे, त्यामुळे दोन-अडीच महिने आधी अर्ज करा. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं पाहिजेत, मुलं बरोबर असतील तर जन्मदाखल्याची प्रत ठेवा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल आणि तिथला थांबा १२ तासांपेक्षा जास्त असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचं सर्टिफिकेट मागतात, म्हणून तिकीट काढतानाच हे बघून घ्या. मलेरियाची चिंता या पट्ट्यात नाही, तो प्रांताच्या पार उत्तरेच्या टोकाकडचा विषय.

डर्बनचा किंग शाका विमानतळ शहराच्या उत्तरेला साधारण ३५ किमीवर आहे आणि तुम्हाला जायचंय दक्षिणेला, म्हणजे शहर ओलांडावंच लागतं. दुबईमार्गे किंवा जोहान्सबर्गमार्गे यायला सोपं पडतं. विमान दुपारनंतर उतरत असेल तर पहिली रात्र डर्बनलाच काढा, अंधारात अनोळखी रस्त्यावर गाडी घेऊन जाऊ नका. हा नियम पूर्ण ट्रिपभर पाळा, संध्याकाळ झाली की गाडी मुक्कामावर.

गाडी भाड्याने घ्यावीच लागते, पब्लिक ट्रान्सपोर्टवर हा किनारा फिरता येत नाही. बरं म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. आपलं लायसन्स इंग्रजीत, फोटो आणि सहीसकट असेल तर चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा कारण भाड्याच्या काउंटरवर हमखास मागतात. ऑटोमॅटिक पाहिजे असेल तर बुकिंग करतानाच सांगा. पेट्रोल पंपावर माणूस येऊन भरतो, काच पुसतो, त्याला पाच-दहा रँड द्यायची पद्धत आहे, आणि पार्किंगला हिरवं-पिवळं जॅकेट घातलेला गाडी सांभाळणारा असतो त्यालाही सुट्टे द्या, तो त्याचा रोजगार आहे. गाडीत सीटवर बॅग, फोन, अगदी रिकामी पिशवीसुद्धा दिसेल अशी ठेवू नका.

प्लगचं सांगतो, कारण युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये हा बहुतेक वेळा नसतो. तिकडचा जुना सॉकेट म्हणजे आपल्याकडे गिझर आणि एसीला असतो तो मोठा तीन पिनांचा. त्यामुळे जाताना घरून १६ अँपिअरचा प्लग आणि एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड नेलात की सगळ्यांचे चार्जर त्यावर चालतात. घड्याळ साडेतीन तास मागे.

मुक्काम कुठे: दोन ठिकाणं, जास्त नाही

रोज गाव बदलायचा मोह होतो कारण नकाशावर सगळं जवळ दिसतं. तसं करू नका. पहिल्या दोन रात्री स्कॉटबर्गला किंवा त्याच्या आसपास आणि नंतरच्या चार-पाच रात्री उवोंगो, रॅम्सगेट किंवा साऊथब्रूम यापैकी एका ठिकाणी, ही विभागणी मला सगळ्यात बरोबर वाटते. मार्गेटमध्ये राहायला स्वस्त पडतं पण गजबज जास्त, तरुण ग्रुपला ते आवडेल, आई-वडील बरोबर असतील तर नाही.

हॉटेलपेक्षा सेल्फ-केटरिंग फ्लॅट घ्या, म्हणजे किचनवाला. या किनाऱ्यावर तीच पद्धत आहे आणि शाकाहारी घरांसाठी तर तोच मार्ग. बुकिंग करताना मालकाला दोन गोष्टी नक्की विचारा, पाण्याची जोजो टाकी आहे का आणि इन्व्हर्टर आहे का, कारण या जिल्ह्यात नळाचं पाणी मध्येच जातं आणि तेव्हा टाकी नसेल तर समुद्रावरून खारट अंगाने येऊन बसून राहावं लागतं. तिसरी गोष्ट, बीचवर चालत जाता येतं म्हणजे नक्की किती आणि मध्ये चढ किती, कारण इथली गावं टेकडीवर वसलेली आहेत, किनाऱ्याला बऱ्याच ठिकाणी रेल्वेलाईन आहे आणि तिच्याखालून बोगद्यातून किंवा रूळ ओलांडून वाळूवर उतरावं लागतं.

पाणी: हे वाचल्याशिवाय पोहायला जाऊ नका

आपण कोकणातली माणसं, किंवा कोकणात सुट्टीला जाणारी, आपल्याला वाटतं समुद्र कळतो. इथला समुद्र वेगळा आहे. समोर उघडा हिंदी महासागर, तळ झपकन खोल होतो, आणि लाट नुसती येत नाही तर उचलून आपटते. गुडघाभर पाण्यातसुद्धा लहान मुलाचा हात सोडू नका.

पोहायचं फक्त लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यात आणि लाईफगार्ड ड्यूटीवर असेल तेव्हाच. लाल बावटा म्हणजे पाण्यात जायचं नाही, कितीही शांत दिसत असलं तरी. दोन लाटांच्या फुटण्यामधला जो भाग सपाट, गुळगुळीत आणि पोहायला सोपा वाटतो तिथेच बऱ्याचदा आत ओढणारा प्रवाह असतो, कारण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जातं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर आडवं पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर या, तो पट्टा अरुंद असतो.

आता शार्क. डिसेंबर १९५७ ते एप्रिल १९५८ या काळात याच किनाऱ्यावर मार्गेट, उवोंगो वगैरे ठिकाणी एकामागून एक हल्ले झाले, पाच माणसं गेली, आणि सुट्टीला आलेली माणसं रांगा लावून परत निघून गेली. तिकडे अजूनही त्या काळाला ब्लॅक डिसेंबर म्हणतात. डर्बनला १९५२ पासून जाळी होतीच, या हल्ल्यांनंतर हळूहळू दक्षिणेकडच्या गावांनीही लावली, आणि १९६४ साली त्यासाठी सरकारी बोर्ड स्थापन झालं जे आजही हे काम बघतं. ही जाळी म्हणजे कुंपण नाही हे समजून घ्या. साधारण २१४ मीटर लांब आणि ६ मीटर खोल असे तुकडे किनाऱ्यापासून काही अंतरावर दोन ओळींत टांगलेले असतात, शार्क त्यांच्या वरून, खालून, बाजूने जाऊ शकतो, पण जाळ्यात आणि गळांना अडकून त्यांची संख्या किनाऱ्याजवळ कमी राहते. यात डॉल्फिन आणि कासवंही मरतात, आणि त्यावर तिथे खूप वाद आहे जो मला रास्त वाटतो. तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की जाळी असलेल्या बीचवरच पोहा, आणि तारल्यांच्या हंगामात जाळी उचलून घेतात आणि पोहणं बंद करतात, तेव्हा लाईफगार्डशी हुज्जत घालू नका. पहाटे, संध्याकाळी आणि पावसाने गढूळ झालेल्या नदीच्या मुखाजवळ कधीच नाही, कारण झाम्बेझी जातीचा शार्क गोड्या-खाऱ्या मचूळ पाण्यात सहज येतो. मोठ्या पावसानंतर सांडपाण्यामुळेही काही बीच तात्पुरते बंद असतात, प्रवेशाजवळच्या फलकावर लिहिलेलं असतं ते वाचा.

आणि ज्याला हे सगळं वाचून धास्ती वाटली त्याच्यासाठी या किनाऱ्याचं सगळ्यात मोठं सुख, टायडल पूल. खडकात बांधून काढलेले तलाव, भरतीला लाटा आत येऊन पाणी बदलून जातात आणि ओहोटीला आतलं पाणी शांत, काचेसारखं. लहान मुलं, न पोहणारे, वयस्कर माणसं, सगळ्यांना समुद्रात बसल्याचा आनंद. इथे तिथीचा हिशोब उपयोगी पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत इथे पूर्ण ओहोटी साधारण सकाळी नऊ-दहाच्या सुमारास लागते, म्हणजे नाश्ता करून निघालात की पूल आणि खडक दोन्ही मोकळे. पुढे रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते, आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) खडक फारसे उघडेच पडत नाहीत. म्हणून तारखा ठरवताना पौर्णिमा किंवा अमावास्या मुक्कामात येईल असं बघा, खरंच खूप फरक पडतो.

वाऱ्याचंही एक. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारकडे ईशान्येचा सुटतो, वाळू अंगाला टोचते आणि उन्हाळ्यात त्याच वाऱ्याने निळ्या फुग्यासारख्या, जेलीफिशसारखा डंख करणाऱ्या ब्लूबॉटल किनाऱ्याला लागतात. त्यांना हात लावायचा नाही, वाळूवर मेलेल्या दिसल्या तरी शेपटी डंख करते. एकूण काय, समुद्र सकाळचा आणि दुपार दुसऱ्या कशाची.

आता गावं, उत्तरेकडून खाली

एन-२ हायवेने डर्बन सोडलं की तासाभरात स्कॉटबर्ग, साधारण ६० किमी. हिरवळीचा उतार थेट वाळूपर्यंत उतरतो, वर सावलीला बसून खाली मुलांवर लक्ष ठेवता येतं, पूल आहे, लाईफगार्ड आहेत. पहिल्या मुक्कामाला याहून सोपं गाव नाही. जवळच उमकोमास, आणि तिथून समुद्रात साधारण पाच किमीवर अलिवाल शोल, पाण्याखालचा खडकाळ उंचवटा, जगभरचे डायव्हर तिथे येतात. १८४९ मध्ये अलिवाल नावाचं जहाज इथून जाताना हा धोका लक्षात आला म्हणून ते नाव. स्कूबाचं सर्टिफिकेट असेल तर एक सकाळ राखून ठेवा, नसेल तर बोटीतून व्हेल-डॉल्फिन बघायला जाता येतं. रबरी बोट किनाऱ्यावरूनच लाटा फोडत बाहेर जाते, पाय पट्ट्यांमध्ये अडकवून दोरी घट्ट धरायची असते, पाठीचा किंवा मानेचा त्रास असेल तर जाऊ नका. बोटीत मळमळणाऱ्याने गोळी आदल्या रात्रीच घ्यावी.

स्कॉटबर्गहून थोडं आत उमझिंटो आहे. टुरिस्ट तिकडे फिरकत नाहीत, पण तुम्ही जा. १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून करारावर नेलेले मजूर या पट्ट्यातल्या उसात राबले आणि त्यांचे वंशज अजून इथे आहेत, देवळं आहेत, दुकानात अगरबत्तीचा वास येतो. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून दक्षिण आफ्रिकेत आले ते याच मजुरांवर लादलेल्या तीन पौंडांच्या कराचा प्रश्न घेऊन, हे मराठी माणसाने इथे आठवायला हवं. आणि दुसरं, ज्या वाळूवर आपण टॉवेल टाकून आरामात पडतो ती वाळू गोऱ्यांसाठी राखीव होती. या लोकांच्या आजी-आजोबांना समुद्र दिसायचा पण त्या बीचवर उतरता यायचं नाही. ते निर्बंध १९८९ च्या शेवटी उठवायला सुरुवात झाली आणि कायदा गेला १९९० ला. आज पन्नाशीतला जो माणूस तिथे नातवंडांना लाटा दाखवत असतो त्याने ते स्वतः भोगलेलं आहे.

पुढे हिबर्डीन, मग ओरिबीचा टोलनाका, आणि पोर्ट शेपस्टोन. ते कामाचं गाव आहे, बँक, हॉस्पिटल, बाजार, एक छान लाईटहाऊस, एवढंच. थांबायचं असेल तर आत २० किमीवर ओरिबी गॉर्जला जा, वाऱ्याची दुपार घालवायला यापेक्षा चांगली जागा नाही. वालुकाश्म कापत गेलेली, काही ठिकाणी ४०० मीटरच्या आसपास खोल दरी, सह्याद्रीच्या माणसालाही कड्यावर उभं राहून गप्प व्हायला होईल अशी. लेक ईलँडचा झुलता पूल आहे, दरीच्या तळापासून सुमारे १३० मीटरवर, उंचीची भीती असेल तर अलीकडेच बसा.

पोर्ट शेपस्टोननंतर हायवे सोडा आणि किनाऱ्याचा आर-६२० रस्ता धरा, कारण खरा साऊथ कोस्ट या रस्त्यावर आहे. शेली बीचला मॉल, किराणा इथेच भरून घ्या. अनुभवी डायव्हरसाठी समोर प्रोटिया बँक्स हा पाण्याखालचा खडक आहे, पण तो खोल आणि प्रवाहाचा आहे, शिकाऊ माणसाचं काम नाही. मग उवोंगो. इथे वुंगु नदी २३ मीटरच्या कड्यावरून धबधब्याने खाली लगूनमध्ये, म्हणजे मुखाजवळच्या तळ्यात पडते आणि त्या लगूनच्या पुढे दोनेकशे पावलांवर समुद्र. धबधबा, तळं, वाळू आणि लाटा एका नजरेत मावतात. अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस द्या, आणि वाळू किती आहे ते दर वर्षी बदलतं कारण नदीचा पूर आणि वादळी लाटा तिला नेतात-आणतात.

मार्गेटला संध्याकाळी चक्कर मारा, आईस्क्रीम खा, परत या. १९२४ मध्ये याच किनाऱ्यावर पांढऱ्या केसांचा, सोंडवाला राक्षसी प्राणी वाहून आल्याची बातमी जगभर गाजली होती, नंतर जुने फोटो सापडले तेव्हा कळलं की ते व्हेलच्या कुजलेल्या मांसाचं धूड असावं. मुलांना ही गोष्ट त्या बीचवर उभं राहून सांगा, मजा येते.

रॅम्सगेटचं लगून संथ आहे, काठावर बसून वॉफल खायची तिथली जुनी पद्धत आहे आणि ती पाळण्यासारखी आहे. साऊथब्रूम मला या सगळ्यात जास्त आवडतं, कारण घरं झाडीत लपलेली आहेत आणि किनाऱ्याचं मूळ रान बरंच टिकवलंय, सकाळी रस्त्यावर माकडं दिसतात म्हणून खिडक्या बंद करून बाहेर पडा. पुढे मरीना बीच, लांबलचक मोकळी वाळू, चालायला उत्तम, पण एकटंदुकटं लांब जाऊ नका, आणि फोन-कॅमेरा घेऊन निर्मनुष्य भागात तर नाहीच. मग ट्रॅफल्गार, जिथे ओहोटीला खडकात क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले जीवाश्म झालेले लाकडाचे ओंडके उघडे पडतात. उधाणाच्या ओहोटीची सकाळ यासाठी राखून ठेवा, चांगल्या ग्रिपचे सँडल घाला, आणि तुकडा उचलू नका, संरक्षित आहे. शिंपले-कालवं काढायला आणि गळ टाकायलाही परमिट लागतं, वाळूवर गाडी घालायला बंदी.

शेवटी पोर्ट एडवर्ड. जवळच लाल मातीचं उघडं रेड डेझर्ट, दोनशेएक मीटरचा तुकडा, जगातलं सगळ्यात छोटं वाळवंट म्हणून दाखवतात. पण मला इथे जास्त ओढ वाटते ती १५५२ मध्ये याच भागात फुटलेल्या साओ जोआओ या पोर्तुगीज गलबताची. कोचीनहून मिरी भरून लिस्बनला निघालेलं, वादळात सापडून इथे किनाऱ्याला लागलं, वाचलेली शेकडो माणसं मोझांबिककडे चालत निघाली आणि त्यातली फार थोडी पोचली. अकीकाचे मणी आणि चिनी भांड्यांचे तुकडे या वाळूत सापडत आलेत. दिसला तर बघा आणि तिथेच ठेवा, नेणं गुन्हा आहे.

खाणं आणि दिवसाचं घड्याळ

डर्बनहून निघतानाच व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटमधून मसाले घ्या, डाळ-तांदूळ-कणीक सगळं मिळतं, घरून ओझं नेऊ नका. बनी चाऊ खायचाच, म्हणजे पोखरलेल्या पावात भरलेली रस्सा भाजी, शाकाहारी असाल तर बीन्सचा मागा. तिखट सांगितलंत तर खरंच तिखट देतात. रस्त्याकडेची केळी, लिची डिसेंबरात, मॅकाडेमिया कधीही.

दिवस लवकर सुरू करा. हा पूर्व किनारा आहे, सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो, त्यामुळे आपल्या सवयीने संध्याकाळी सूर्यास्तासाठी बीचवर जाऊन बसलात तर काहीच दिसणार नाही. डिसेंबरात पाचच्या आधीच उजाडतं, जूनमध्ये पावणेसातच्या पुढे आणि संध्याकाळी पाचला अंधारायला लागतं. हिवाळ्यात पहाट सोसाट्याची नसली तरी गार असते, एक स्वेटर ठेवा.

परतीच्या दिवशी मार्गेट भागातून विमानतळाला किमान तीन तास धरा, शहरातला ट्रॅफिक आणि गाडी परत करायचा वेळ वेगळा. पेट्रोल डर्बन ओलांडल्यावर भरा, टाकी पूर्ण नसेल तर भाड्याची कंपनी बरेच पैसे लावते.